एकदाच दाबून धरायचं

मिरजगाव,
रविवार, ४ मार्च १९७३

चि. गोरक्ष यास,
अण्णाचा आशीर्वाद.

घरची सगळी उभी आहेत. खुशाल हा शब्द यंदा गावात कोणी लिहीत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. टँकर आला तर येतो. आई घागर रांगेत ठेवून बसते आणि तुझी चौकशी करणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगते, "हाडं जुळत्यात त्याची. देवानं राखला." आबांचा ट्रक दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी टाकतो. तुझी वहिनी बरी आहे. आमची चांगुणा शाळेच्या पाटीवर विमानं काढायची, ती आता काढत नाही. तिला कोणी नको म्हटलेलं नाही.

पायाचं प्लास्टर कधी निघणार, ते कळव. आबा तुला भेटून आले खरे, पण पायाचं विचारलं की ते दुसरंच सांगतात.

तुझ्यासाठी बोलावलेली बाजारतळावरची सभा मी रद्द केली. लोक विचारतात, "मास्तर, घसा बसला का?" मी हो म्हणतो. कर्जतच्या सभेत तुमच्या विमानाच्या अपघातावर मी काय गरजलो ते तुझ्या कानावर आलं असेल. ट्रकच्या टपावरून विमानात चढलेल्या पोराला घरी बसवता, आणि विमान हाकणाऱ्या कॅप्टनच्या चुकीचं माप त्याच्या पदरात घालता? टाळ्या फार पडल्या. तो कॅप्टन मेला आहे आणि त्याला उत्तर देता येत नाही, हे बोलताना माझ्या मनातसुद्धा आलं नाही. जो माणूस पंधरा वर्षं सांगत फिरला की सत्य चौकात उभं राहून सांगावं, त्याच्या मनात आलं नाही.

सभा का रद्द केली, ते लिहायलाच बसलो आहे, आणि तिसऱ्यांदा बसलो आहे.

परवा झुंबरबाईच्या हॉटेलात पेपर वाचत होतो. आबांना रोज वाचून दाखवतो तसाच. तुमच्या अपघाताची बातमी होती. चौकशीत निघालं की तेलाची नळी फुटल्यावर ब्रेकसाठी राखून ठेवलेला दाब गोळ्यात होता, पण विमान नाल्यात गेल्यानंतर तो गोळा रिकामा सापडला. ब्रेक कॅप्टनच्या पायाखाली असावेत असा अंदाज आहे. सहवैमानिकाला, म्हणजे तुला, विमान टेकल्यानंतरचं काही आठवत नाही.

झुंबरबाई कपबशा विसळताना म्हणाली, "आबा, पोराला विमानातबी तुमचंच डायवरिंग शिकवलं का काय? मग आमी न्हाई बाई बसायचो!"

सगळे हसले. आबाही हसले, आणि मग एकदम गंभीर झाले.

"हासू नको झुंबरे. करंजी घाटात भरला ट्रक उतरत हुता अन् ब्रेक पार तळाला गेला. इस्टेरिंगवर गोरक्षच. मिसरूड फुटलं नव्हतं तवा. म्या म्हनलं, मार पाय! दाब, सोड, दाब, सोड, मारत ऱ्हा, ब्रेक चढंल! चढला का न्हाई? परवा दवाखान्यात मला म्हनला, आबा, तुमी शिकवलं तसा शेवटपर्यंत पाय मारला, पन चढलाच न्हाई. लई रडलं लेकरू. म्या म्हनलं, तू तुजं काम केलंस. यंत्रानं दगा दिला, त्याला तू काय करशील?"

मी पेपरची घडी घातली. पुढची बातमी वाचून दाखवली नाही.

दिवाळीत तू अंगणात बसून मला आणि चांगुणाला विमानाचे ब्रेक शिकवले होतेस. आबा तेव्हा खडी घेऊन गेले होते. फुटबॉलचा ब्लॅडर तू अर्धा पाण्यानं भरलास, वर हवा भरलीस, आणि त्याच्या नळीवर चिमूट धरलीस. म्हणालास, अण्णा, इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, त्या तेलावर चाकं वर-खाली होतात, पंखांच्या झडपा हलतात, ब्रेक लागतात. पंप गेला, नळी फुटली, तरी ब्रेकसाठी एवढा गोळा शिल्लक असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला वायू. पण तो परत भरत नाही. पाय दाबला की एक घोट तेल ब्रेकपर्यंत जातं आणि धरून राहतं. पाय उचलला की तो घोट परतीच्या नळीनं निघून जातो. पुन्हा दाबला की नवा घोट. असे थोडेच घोट.

चांगुणानं चिमूट सोडली, धरली, सोडली, आणि पाणी अंगणात उडालं. आई आतून ओरडली, "दुष्काळात पानी उडवायचं शिक्षान दिलं व्हय रं तुला सरकारनं?" ब्लॅडर लोळागोळा होऊन पडला. तू म्हणालास, बघ, हेच करायचं नसतं. एकदाच दाबायचं आणि दाबून धरायचं. ट्रकमध्ये जोर पायाचा असतो, म्हणून तिथं पाय मारून ब्रेक चढतो. विमानात जोर गोळ्यात असतो. पाय फक्त दार उघडतो.

हे तू मला शिकवलंस, गोरक्षा. तुला येत होतं. परीक्षेतही तू हेच लिहिलं असशील. पण धावपट्टी संपत आली, समोर नाला दिसला, आणि तुझं शिक्षण डोक्यातच राहिलं. पाय करंजी घाटात गेला.

मी आयुष्यभर सभांतून सांगितलं की ज्ञान माणसाला मोकळं करतं. शाळा काढा, पुस्तकं वाचा, अंधार जाईल. आता मुलांसमोर उभा राहिलो की खडू हातात तसाच राहतो. तुझ्याइतकं शिकलेलं आपल्या गावात कोणी नाही. आणि तीन माणसं गेली. मला यातून काही चांगलं निघताना दिसत नाही, आणि तुला धीर देण्यासाठी तसं लिहिणारही नाही.

तुला सगळं आठवतं. चौकशीत आठवत नाही, बापाजवळ आठवतं. कॅप्टनची बायको कुठं राहते ते मला ठाऊक नाही, पण रोजचा पेपर तीही वाचत असेल.

आता खरी गोष्ट. आबांनी धोतर धुऊन, टोपीला नीळ देऊन ठेवली आहे. पुढच्या सोमवारी, बाराला, तुझी सुनावणी आहे, तिथं ते येणार म्हणतात. "पोराला आठवत न्हाई, पन मला सांगितलंय ना त्यानं. मी सायबाला सांगतो, माज्या पोरानं शेवटपर्यंत पाय मारला. हयगय केली न्हाई." ते तुला सोडवायला येत आहेत. जे वाक्य तुला बुडवेल, तेच वाक्य ते अभिमानानं पाठ करत बसले आहेत. आणि तो साहेब त्यांना समजावून सांगेल की बाबा, त्यानंच गोळा रिकामा झाला. तुमच्या शिकवणीनं. तेवढ्या लोकांपुढं.

काल संध्याकाळी ट्रकचं चाक बदलता बदलता त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, विमानाचा ब्रेकबी तसाच असतो ना रं?"

मी पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "व्हय आबा. तसाच."

मामलेदारासमोर खोटं बोललो नाही, कोठडीत बोललो नाही. बापासमोर बोललो.

तू बोलू नकोस. सोमवारच्या आधी स्वतः चौकशी अधिकाऱ्याला बोलावून घे आणि सांग की पाय माझा होता, आणि तो का उचलला. ट्रकवर शिकून आलेली आणखी पोरं उद्या त्या खुर्चीत बसतील. त्यांच्या डोक्याला नव्हे, पायाला शिकवायला हवं, हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. तुझं विमान जाईल. बहुतेक कायमचं. मी ते वाचवू शकत नाही, आणि वाचवायचा प्रयत्नही करणार नाही. आबांना मी इथं थोपवून धरीन, काहीही कारण काढून.

पण मग तुझा जबाब छापून येईल. झुंबरबाईच्या हॉटेलात आबा नेहमीच्या बाकावर बसतील, चष्मा पुसतील, उगाच, कारण त्यांना वाचता येत नाही, आणि म्हणतील, वाच. चार माणसं कान देऊन असतील.

त्या दिवशी मी काय वाचून दाखवू, एवढं मला सुचत नाही. पंधरा वर्षं बोलत आलो, रे. सुचत नाही.

तुझा
अण्णा