आप्पांच्या देखत

धाराशिव, शके १८६६

आश्विन व. १३
तेरखेड्याहून आलो. लढाईमुळं तिथं फटाक्यांची दारूच मिळेना, माल थोडा. तरी मल्लूसाठी फुलबाज्या, टिकल्या आणि दोन भुईनळे वेगळे बांधून घेतले. ओल लागू नये म्हणून गाडीत वाटभर पुडकं मांडीवर धरून बसलो. घरी येतो तर ओट्यावर आप्पा. झालं! पुडकं त्यांच्या हातात दिलं. वडिलांच्या देखत आपल्या लेकराला काही द्यायचं नाही, त्याच्याशी लाडानं बोलायचं नाही, उचलायचं तर नाहीच. हे कुठं लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना पाठ आहे.
मल्लू नाचत आत गेला. "आये, आज्जानं फटाकं आनलं!"
चार सरून पाचवं लागलंय त्याला. मला "शिव्या" म्हणतो. आप्पा मला तशी हाक मारतात, तीच त्यानं उचलली. कुणी त्याला सुधारत नाही, उलट हसतात. मीही हसतो. काय करता?

कार्तिक शु. १
पाडवा. दुकान पूजेपुरतं उघडलं.
आप्पा आज घोडा झाले होते. ओट्यावर, सगळ्या पेठेसमोर. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं मी अजून सरळ बसतो, ते आप्पा गुडघ्यावर, आणि पाठीवर मल्लू टाचा मारतोय. धोतराला गुळाचे हात पुसतोय. आप्पा खिंकाळले. मी तराजूपाशी पुड्या बांधत होतो. दोरा दोनदा तुटला.
दुपारी अव्वा लसूण सोलत बसली होती. आईला ठाऊक असणार म्हणून विचारलं, आप्पांनी मला कधी घेतलं होतं का गं?
"आत्ता! तुझं आज्जा समोर बसल्यालं असायचं की रं. कसं घेतील?"
"एकदाबी न्हाय?"
"तुला गोवर आला हुता तवा दारातनं बघून गेलं हुतं."
एवढं सांगून लसूण पाखडायला लागली. थोरले आज्जा, आप्पांचे वडील, वारले तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. मग कोण कुणाला उचलतो.

कार्तिक शु. ६
मल्लू दुकानाच्या पायरीवरून पडला. गुडघा फुटला, रक्त आलं. मी हाताच्या अंतरावर होतो. आप्पा उंबऱ्यात. मी उचललं नाही. आत तोंड करून ओरडलो, "अगं, पोरगं पडलं बघा!" जसं काही शेजाऱ्याचं पोर. ही धावत आली, पदरानं रक्त पुसलं आणि माझ्याकडं एकदा बघितलं. ते बघणं दिवसभर पुरलं.
समोरचा करीमभाई कल्हईवाला भाता थांबवून बघत होता. नंतर विडीला विस्तव देताना म्हणतो, "शिवाप्पा, बच्चा तुम्हाराच है ना? की चोरी का माल है?"
मी म्हणालो, आमच्यात तशी रीत आहे.
"चोरी का माल बी आदमी अंधेरे में तो उठाता."
त्याच्या तिन्ही पोरी दिवसभर त्याच्या अंगाखांद्यावर. वर त्याचा बाप बाजेवर बसून मजा बघतो. आमचं मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कार्तिक व. ४
करीमभाईचं ऐकलं आणि तोंडघशी पडलो.
आप्पा पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते. मल्लू मागं कोठीत आला, गुळाचा खडा चोरायला. अंधार होता. मी ढेपांच्या थप्पीमागून पुढं झालो आणि त्याला उचलून छातीशी धरलं. काय हलकं असतं लेकरू! हे मला ठाऊकच नव्हतं.
त्यानं किंकाळी फोडली. "आज्जाऽ! शिव्यानं मला धरलं!"
आप्पा पुढून, "काय रं? काय झालं?"
"काही नाही. उंदराला भ्याला."
उंदीर म्हणजे मीच.

मार्गशीर्ष शु. २
आप्पांना तीन दिवसांपासून कणकण होती. आज अंथरूण धरलं. वैद्य आले. मुदतीचा ताप. मुदत भरेपर्यंत पेज आणि औषध, दुसरं काही करता येत नाही म्हणाले. जाताना दारात थांबून, "लेकराला माजघराकडं फिरकू देऊ नका."

मार्गशीर्ष शु. ४
मल्लूनं रडून घर डोक्यावर घेतलं. माजघराची कडी वाजवतो, "आज्जा, भाईर ये" म्हणतो. अव्वा आत आप्पांच्या उशाशी. ही चुलीपुढं, एका हातानं पेज हलवतेय, दुसऱ्या हातानं याला आवरतेय. शेवटी मला म्हणाली, "न्या की त्याला दुकानात. तुमचं कुनी न्हाय का त्यो?"
नेला. आप्पांची गादी रिकामी. मल्लू मिठाच्या गोणीमागं जाऊन बसला आणि तिथून माझ्याकडं बघत राहिला. मी काय बोलावं? साखर कंट्रोलची आहे, शेंगदाण्यात खडे निघतात, असलं काही बोललो. पोरांशी खेळायचं कसं हे कुणी शिकवत नाही. आणि ज्यांच्याकडं बघून शिकायचं त्यांनी तर...
संध्याकाळी गोणीवरच झोपला. उचलून आत नेला. झोपेत असल्यामुळं ओरडला नाही.

मार्गशीर्ष शु. ८
आज मोठी गोष्ट झाली. लिहितो, नाहीतर खरी वाटायची नाही.
गिऱ्हाईक नव्हतं. मल्लू गोणीमागून निघाला आणि आढ्याला टांगलेल्या मोठ्या तराजूत जाऊन बसला. "शिव्या, मला तोल." मी दुसऱ्या पारड्यात गुळाची ढेप ठेवली. हा वर गेला. खिदळला. ढेप काढून मिरच्यांचं पोतं ठेवलं, हा खाली. मग शेंगदाणे. मग मी माझा पाय ठेवून दाबला, तर हा पार आढ्याला! हसून हसून उचकी लागली. मलाही.
ही काय दंगा म्हणून बघायला आली आणि कपाळावर हात मारला. "जित्या लेकराला तोलत्यात व्हय? नदर लागंल!" मीठमोहऱ्या घेऊन आली, दृष्ट काढली. त्याची काढली, जाता जाता माझ्यावरूनही मूठ फिरवली. लाजली नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमा
आता रोज येतो. सकाळी माझ्या आधी दुकानाच्या दारात. पुडीच्या कागदांच्या होड्या करून घंगाळात सोडल्या. चिंचोके फोडून पट मांडला, हरला की चिंचोका गिळायची धमकी देतो. ज्वारीचं शेत, खडीसाखरेचा डोंगर. काल पेठ बंद झाल्यावर खांद्यावर घेऊन हातलाईच्या देवळाकडं जाऊन आलो. डोंगरावरून गाव दाखवलं. तिथं विचारतो, "शिव्या, तू माझा कोन?"
"बाप."
"बाप म्हंजी?"
म्हणजे काय सांगावं? म्हटलं, "मी आज्जाचा ल्योक."
एक खडा खाली फेकला. मग, "आज्जा तुला खांद्यावर घेतो?"
"न्हाय."
"का? तू लई जड हाईस?"
व्हय म्हणालो.
आप्पांचा ताप चढताच आहे. मी मात्र जन्मात इतका सुखी नव्हतो. हे असं आहे.

मार्गशीर्ष व. ७
आप्पा भ्रमात आहेत. मल्लूला हाका मारतात. मला एकदाही नाही. अव्वा रडते. वैद्य म्हणाले, आता चारपाच दिवस जड.
संध्याकाळी महादेवापुढं उभा राहिलो. हात जोडले, पण मागणं काही जुळेना. थोरले आज्जा गेले आणि आप्पा मोकळे झाले, पण तोवर मी वाढलो होतो. म्हणून त्यांनी सगळं मल्लूवर काढलं. आता मल्लू लहान आहे. आता जर...
पुढचं लिहीत नाही. देवाला कळलं असेल. घंटा न वाजवता आलो.

मार्गशीर्ष अमावास्या
येळवस. घरातलं दुसरं कुणी शेतावर येण्याच्या अवस्थेत नव्हतं. पण शेताची पूजा चुकवायची कशी, म्हणून मी आणि मल्लू दोघंच निघालो. तेरच्या वाटेवरचं आमचं रान एक बटाईदार करतो. त्यानं कडब्याची झोपडीवजा कोप उभी केली होती, आत पांडवांचे दगड चुन्यानं रंगवलेले. त्याच्या बायकोनं भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. मल्लूनं आंबील प्याली आणि पांढऱ्या मिशा घेऊन हिंडला. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली. त्यात तो लपायचा आणि मी उगाच भलतीकडं शोधायचो. मग खांद्यावर घेऊन बांधाबांधानं पळवला. "आजून! आजून!" धाप लागेपर्यंत पळालो. बटाईदार म्हणाला, "मालक, असं कवा बगितलं न्हवतं तुमाला."
परत येताना गाडीत माझ्या मांडीवर झोपला. पेंगत पेंगत म्हणाला, "शिव्या, उद्या बी आपुनच."
दारात ही उभी. सगळं तोंड हसरं. "ताप उतरला! घाम फुटला, पेज मागून घेतली!"
मांडीवरच्या मल्लूला मी आणखी घट्ट धरलं. आनंदानं असं धरत नाहीत.
"देवाची कृपा," असं म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

पौष शु. ३
आप्पा उशीला टेकून बसतात. निम्मे उरलेत. जाऊन पाय धरले तर डोक्यावर हात ठेवला. लाज वाटली. माझी.
मल्लूला अजून आत सोडत नाहीत. तो मागत नाही हल्ली, दुकानातच असतो.
अव्वानं आज सांगितलं. आप्पा तिला विचारत होते, "दुकानात कोन हसतंय गं?"
"मल्लू."
"त्यो कळतोय. दुसरं कोन?"
"तुमचा शिवा की."
आप्पांनी भिंतीला कान लावला म्हणे. मग म्हणाले, "असं हसतोय व्हय त्यो."

पौष शु. ८
दुपारची वेळ. गिऱ्हाईक नाही. मल्लू माझ्या खांद्यावर, दोन्ही कान धरून गाडी हाकतोय. मी बैल. गल्ल्यापासून मिठापर्यंत फेऱ्या चाललेल्या. वळलो तर माजघराच्या दारात आप्पा. हातात काठी, अंगावर घोंगडी. कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही.
माझ्या हातांनी मल्लूला खाली ठेवलं. मी ठेवलं असं म्हणवत नाही. हातांनीच ठेवलं.
मल्लू म्हणाला, "आजून!" आणि दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभा राहिला.
आप्पा भिंत धरत धरत येऊन गादीवर बसले. दम खाल्ला. मग काठीकडं बघत म्हणाले, "उचल की रं त्याला."
इतक्या वर्षांत या घरात असं कुणी कुणाला म्हणालं नसेल. मला ऐकू आलं, समजलंही. हात उठेनात. माझा मीच हातांकडं बघत होतो, जणू ते कुणा दुसऱ्याचे. म्हणालो, "गिऱ्हाईक आलंय," आणि तराजूकडं गेलो. दुकानात चिटपाखरू नव्हतं. समोर करीमभाईनं मान खाली घातली.
मल्लू हात वर करून तसाच. मग आप्पांकडं वळला. आप्पांनी हात पुढं केले, त्याच्या बगलेत घातले. उचलवेना. बोटं तेवढी हलली. मल्लूनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हात खाली केले आणि आत निघून गेला.
रडला असता तर बरं होतं.

पौष शु. ९
मल्लू आला नाही. ही म्हणाली, परसात एकटाच मातीत खेळतोय, बोलावलं तरी येईना. मला कारण विचारलं नाही. तिला ठाऊक असावं.
आप्पा सकाळपासून गादीवर. मी पुड्या बांधतोय. हिशेबाचं, उधारीचं, वैद्यांच्या पथ्याचं बोलणं झालं आणि संपलं. रात्रभर ठरवून आलो होतो की आज मल्लू आला तर आप्पांच्या समोर उचलायचाच. तो आलाच नाही.
बऱ्याच वेळानं आप्पा बोलले. माझ्याकडं बघून नाही, रस्त्याकडं बघून.
"मला तेवढंबी कुनी म्हनलं न्हवतं. उचल म्हनून."
पुडीला दोरा गुंडाळत राहिलो.
तेवढ्यात परसातून मल्लूचा आवाज आला. एकटाच बोलत होता कुणाशी तरी, ओरडत होता, बैल हाकत होता. आप्पांनी दाराकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांना वाटलं मी हाक मारेन, मला वाटलं ते मारतील.
मग एक बाई तेल घ्यायला आली.