येतो म्हण

आगर, डहाणू
१९ जानेवारी २०२५

उमेश सरांना शांतीचा नमस्कार.

तुम्ही बरे असाल. आम्ही पण बरे आहोत. लिहिताना हात अजून नीट वळत नाही, तेव्हा अक्षर बघून हसू नका. काना-मात्रा चुकली तर तिथूनच ओरडा.

कंपनीने तुम्हाला आम्हा बायांना शिकवायला धाडलं ते वर्ष संपलं, तुम्ही गेलात, शनिवारची शाळा पण गेली. दुसरे सर येणार होते, कोणी फिरकलं नाही. बुधीवहिनी 'ळ' विसरली. मी म्हटलं, मग माझ्या गळ्यात पडशील कशी? बोंबील यंदा बरा आहे, वाळवायला ऊन चांगलं मिळतं. माझी क्रांती बारावीला आहे. तिच्या बापसाचं पुढे लिहिते.

पहिल्या शनिवारी तुम्ही "चला, जातो मी" म्हणालात आणि मी सगळ्या बायांसमोर तुमच्या अंगावर आले, आठवतं? जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तुम्ही घाबरलात बिचारे. मग दर शनिवारी मला चिडवायला दारातून दहादा "येतो, येतो" करायचात.

तेव्हा कारण सांगितलं नाही. क्रांतीचा बापूस गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून निघाला, तेव्हा गाडी चुकेल म्हणून घाईत "जातो गं" म्हणाला. जन्मात कधी म्हणाला नव्हता. थोड्याच दिवसांत बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली. तुम्ही म्हणाल, शब्दाने कुठे बोट धरली जाते? मला पण कळतं हो. पण मन ऐकत नाही.

त्याला तुरुंगात लिहायचं म्हणून मी या वयात पाटी धरली, हे तुम्हाला ठाऊकच. आधी दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, तर लाजेने 'सगळे मजेत' याच्यापुढे काही सांगताच येत नव्हतं. तुम्ही गेल्यावर पहिलं पत्र माझ्या हाताने धाडलं. खाली लिहिलं, "जाताना चुकलास. आता येतो म्हण."

त्याच बोटीवरचा लक्ष्या मागच्या महिन्यात सुटून आला. तुरुंगात क्रांतीच्या बापसाला माझं पत्र त्यानेच वाचून दाखवलं होतं. म्हणाला, काकी, तू स्वतः लिहिलंस हे ऐकून काका हसलाच. मग अंगात ताप होता तरी उठून बसला आणि कागदाकडे बघून बोलला, "येतो गं, शांते."

आणि आला, सर. लक्ष्याच्या मागोमाग आला. पेटीत.

वर 'आम्ही बरे आहोत' लिहिलं ते सवयीने. खोडत नाही, तुम्हाला खाडाखोड आवडत नाही. लोक म्हणतात, शांती रडली नाही. बोंबील वाळत घालताना रडते मी, वाऱ्यात कोणाला कळत नाही.

पाटी खुंटीला आहे. आता कोणाला लिहू, म्हणून तुम्हाला लिहिलं. शेवटच्या शनिवारी तुम्ही पण येतो म्हणून गेलात. मी शिकवलं म्हणून म्हणालात, ठाऊक आहे मला. तरी या एकदा.

चालत या.

तुमची विद्यार्थिनी,
शांती