कढीत दोनदा मीठ

आई, काकूवरचा तुझा राग मी आजवर मुकाट सांभाळला, पण आता मला त्या रागाचाच संशय यायला लागलाय. आणि तो आणून दिला कोणी, तर कॉम्प्युटरने! नात मला प्रोग्राम लिहायला शिकवते. मी वर लिहिलं, मीठ बरोबर एक. खाली एक फंक्शन केलं, म्हणजे एकच काम करणारा वेगळा कप्पा, आणि त्यात विचारलं, मीठ किती? उत्तर रिकामं. म्हटलं, लबाड आहे हे यंत्र, वर ढळढळीत लिहिलंय की! नात म्हणाली, "आजी, या भाषेत बाहेरचं आत आपोआप दिसत नाई. हे ग्लोबल आहे, बाहेरचंच घे, असं आत सांगावं लागते. नाई सांगितलं तर आतल्यासाठी ते नाहीच."

मला एकदम वर्ध्याचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. महालक्ष्म्या जेवायच्या आहेत, तू पहाटेपासून सोवळ्यात, चुलीवर कढी, आणि मधेच तुझी पाळी येते. तू पळी ठेवतेस आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसतेस. काकू, तुझी धाकटी जाऊ, लग्नाला वर्षही न झालेली, आंघोळ करून ओलेत्याने आत जाते. मीठ तू घातलेलं होतंस. तिला ते कोणी सांगत नाही, आणि नैवेद्याआधी चाखायचं तर नावच नाही. तिनेही घातलं.

पंगतीत आजोबांनी पहिला भुरका मारला आणि पाहुण्यांसमोर ताटावरून उठले. "कोणं केली ही कढी?" काकू रडत म्हणाली, "जाऊबाईंनीच चढवली होती." तू पडवीतूनच मला म्हणालीस, "मुद्दाम केलं तिनं. मले पाण्यात पाह्यते ती. तिच्या हातचं खाजो नोको." दिवाळीच्या आत घरात दोन चुली झाल्या, आणि तू जाईपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

मी नातीला म्हटलं, मग सगळंच ग्लोबल करून टाकावं. "नोको आजी! मग आत कोणीही बदललं की बाहेरचंही बदलते. कोणं बदललं, शोधत बसजो." अगदी तुझ्यासारखी बोलली.

पण खरं सांगू? मला तुझाही राग येतो. पडवी कितीशी लांब होती गं? मीठ घातलंय, एवढं ओरडली असतीस तर काय बिघडलं असतं? आत सगळ्यांना ठाऊकच आहे असं धरून बसलीस. की बघू या तरी नवी सून काय करते, असं आलं होतं मनात? तू समोर असतीस तर हे विचारायची माझी टाप नव्हती.

काकू आता नव्वदीला टेकली, बोरगाव मेघेला लेकाकडे असते. तिला हे सगळं सांगायचं म्हणून गेल्या रविवारी गेले. तिने जेवायला थांबवलं. कढी वाढली आणि आत वळली. मी नेहमीसारखा बोटावर थेंब घेऊन चाखला. ठार अळणी! तेवढ्यात ती मिठाची वाटी घेऊन आली. "वरून घेजो, पोरी. त्या दिवसापासून कढीत मीठ टाकाले माह्या हात धजतच नाई."

मी वरून मीठ घेतलं, कढी संपवली आणि सांगायला नेलेलं तसंच घेऊन परत आले. हे पत्रही कुठे जायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. ती वाटी पुढे येईपर्यंत माझ्या मनात तुझंच वाक्य होतं, मुद्दाम केलं तिनं.