धुराड्यातला बूट

वूलपॅक, थॉर्निंगफर्ड, सफोक
७ ऑक्टोबर १९९६

प्रिय लायनेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच, तरीही ते उघडलंस, म्हणून आधी आभार. तुझी तब्येत बरी असेल, भावाचा होड्यांचा कारखानाही ठीक चालला असेल. माझे गुडघे कुरकुरतात. बाकी सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणणार होते, पण मग पत्र कशाला लिहिलं असतं!

आपली ही सराई विकली. लंडनचं एक तरुण जोडपं आहे. ते बिअर विकणार नाहीत, नुसते राहणार आहेत. आपलं जुनं गिऱ्हाईक पर्सी अजून त्याच्या बाकावर बसून हळहळतो. आता संध्याकाळी घरी बायकोसमोर बसावं लागेल, त्यापेक्षा चर्चमध्ये जाऊन बसलेलं बरं, म्हणतो. नवे मालक बघायला आले तेव्हा साहेबांचं कपाळ बारच्या दारावर आपटलं, सगळ्यांचं आपटतं तिथेच. पर्सी ग्लास खाली न ठेवता म्हणाला, "झालात आता तुम्ही इथले."

त्यांना सगळं घर मीच दाखवलं. घोडागाड्यांची कमान, अंगणातला तबेला, आणि वरच्या मजल्याचा रस्त्यावर झुकलेला भाग, जिथे लोकरीचे व्यापारी एका बिछान्यात तिघे झोपायचे. तुळयांवर सुताराने कोरलेले आकडे दाखवले. घराचा लाकडी सांगाडा त्याने आधी स्वतःच्या अंगणात जुळवला, मग सुटा करून इथे आणून उभा केला, हेही सांगितलं. पुढची विटांची भिंत पाहून बाई खूश झाल्या. मी म्हटलं, तो नुसता मुखवटा आहे. घोडागाड्यांच्या दिवसांत कुण्या मालकाला श्रीमंत दिसायची हौस आली म्हणून लाकडापुढे विटा रचल्या. आत अजून तीच वाकडी लाकडं आणि तीच माती, एक कोपरा धड काटकोनात नाही. हे सगळं मी तुझ्या शब्दांत सांगत होते, लायनेल. तू दर शनिवारी गिऱ्हाइकांना सांगताना जिथे थांबायचास, तिथेच थांबतही होते. ते लक्षात आलं तेव्हा मी किल्ल्या शोधायच्या निमित्ताने आत गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते. फिरवून फिरवून लिहिण्याचा मलाच कंटाळा आलाय.

शेकोटीची भिंत दुरुस्त केली होती तो उन्हाळा तुला आठवत असेल. एमस गवंड्याला पावाच्या भट्टीमागच्या पोकळीत एक जुना बूट सापडला होता, तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पोराचा, चामडं वाळून लाकूड झालेलं. तुला तो काचेच्या पेटीत ठेवायचा होता. एमस ऐकेना. धुराडं म्हणजे घराचं उघडं तोंड, वाईट ते तिथूनच आत येतं आणि पोराच्या बुटात अडकून बसतं, तो आहे तिथेच राहिला पाहिजे, वर या घरातल्या पोराचाही एक द्यायला हवा, असं त्याचं म्हणणं. आपण हसत होतो तोवर टॅम्सिनने लाल बूट काढून त्याच्या हातात दिलासुद्धा. दोन दिवसांपूर्वी घेतलेले बूट! मी ओरडले, "आता उरलेल्या एकाचं मी काय करू?"

ती एका पायावर उभी राहून म्हणाली, "तो तू सांभाळ. भिंतीतला बाबा सांभाळेल."

बघ, लिहिलं तिचं नाव. वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. खोटं बोलतेय, फार अवघड गेलं.

तिच्या तापाबद्दल लिहिणार नाही. तू होतास तिथे. त्यानंतर त्या भिंतीकडे बघितलं की मला वाटायचं, दिला होता ना आम्ही बूट, मग? आणि तिला पोहोचवून आल्यावर तू बाह्या सरसावून बारमागे उभा राहिलास, सगळ्यांना बिअर ओतलीस, पर्सीच्या विनोदावर हसलास. वसंतात एक पिशवी घेऊन निघालास. मी गावभर सांगितलं की त्या माणसाच्या डोळ्याला पाणी आलं नाही आणि जाताना लेकीची एक वस्तू नेली नाही. मला ते खरं वाटत होतं.

घर दुसऱ्याला देण्याआधी मला तो बूट हवा होता. काल दुपारी एमसला बोलावलं. खूप थकलाय, हात थरथरतात, पण आला. भट्टीमागची पोकळी बंद करणारी वीट पाहिली आणि हातोडी खाली ठेवून म्हणाला, "एव्हरिल, ही मी बसवलेली नाही."

मला काही कळेना. तेव्हा त्याने मला बोट लावून दाखवलं. चुन्याऐवजी सिमेंट, तेही बाहेर ओघळलेलं, आणि त्यात अंगठ्याचा ठसा.

"लायनेलचं काम," तो म्हणाला. "इतकी वाकडी वीट या गावात दुसरं कोण बसवणार?"

आत जुना बूट होता. लाल नव्हता.

आधी राग आला. मी मोठ्याने चोर म्हणाले. मग शेकोटीच्या आत, राखेतच बसले आणि रडले, लायनेल, कारण तू एक पिशवी घेऊन निघालेला मला दिसलास. मी तुला वरच्या खिडकीतून बघितलं होतं. पिशवी तू हातात धरली नव्हतीस, छातीशी धरली होतीस. इतकी वर्षं मला वाटलं, दरवाजाला लागू नये म्हणून.

तिने सांभाळ म्हटलं, तू सांभाळलास. माझ्यापुढे विटांची भिंत रचून उभा राहिलास आणि मी, जन्मभर लोकांना त्या भिंतीमागचं लाकूड दाखवणारी, ती ठोठावलीसुद्धा नाही.

जुना बूट एमसने परत आत ठेवला. तुझी वाकडी वीट तशीच लावायला सांगितली.

माझ्याकडचा बूट माझ्यासमोर टेबलावर आहे. मला तुझा नको. फक्त एकदा दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचे आहेत, याच घरात. महिनाअखेरपर्यंत मी इथे आहे. पुढचं दार बंद असेल, कमानीतून ये. यायला जमणार नसेल तर नको येऊस, मी काही म्हणणार नाही.

पण बूट टपालाने पाठवू नकोस. ती एकटी एकदाच गेली, तेवढं पुरे आहे.

टॅम्सिनची आई