मृत्युपत्रावरचा शंख

काका,

तीर्थरूप लिहायला हात वळत नाही. चार महिने हे पत्र टाळलं, कारण गावोगाव भटकत होतो. एका गावात नुसता पूल बघायला आठवडाभर राहिलो, पण ते असो. सध्या एका ठसेतज्ज्ञ बाईंकडे झाडलोट करतो. त्यांना बाबांचे दोन कागद दाखवले.

"पेन्शनच्या कागदावर अंगठ्याचं चक्र आहे, मृत्युपत्रावर शंख," भिंगातून बघत बाई म्हणाल्या. "एका अंगठ्याच्या रेषा अशा बदलत नाहीत रे."

म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मला घराबाहेर काढलंत, त्यावर बाबांचा अंगठाच नाही. तुम्हाला वाटलं, अंगठे काय, सगळे सारखेच. शंख तुमचाच असणार, फक्त ताडून बघायला तुमचा ठसा हवा. मग पोलीस तुम्हाला नेतील तेव्हा मी समोरच्या पायरीवर आरामात बसून बघेन. हे पत्र टाकणार नाही, उगाच सावध व्हाल.

तुमचा पुतण्या

ता.क. दारात काकू उभी आहे. मी ठसेवाल्या बाईंकडे आहे हे तिला कुठून कळलं देव जाणे. तिच्या हातात फडक्यात धरलेला तुमचा पाण्याचा पेला आहे. म्हणते, "मलाही घर सोड म्हणतात. धर, धुतलेला नाही."