दहा मीटरवरची जोडी

पुणे,
८ ऑक्टोबर २०१७

प्रिय सुनीती,

तीन आठवडे मी तुझा फोन उचलला नाही, त्याचं कारण ताप नव्हता. शहजादीला तसं सांगायला मीच लावलं. पोटच्या पोरीला खोटं बोलायला लावलं याची लाज वाटते, म्हणून आधी तेवढं लिहून टाकते. मी ठणठणीत आहे. परवा कात्रजला तिच्या घरी बसने एकटी गेले आणि एकटी परत आले. यात सांगण्यासारखं काय, असं दुसरं कोणी म्हणेल. पण फेब्रुवारीपासून मी एकटी कुठे गेले नव्हते, हे तुला माहीत आहे. का गेले नव्हते, ते मला आत्ता आत्ता कळलं.

आपली ओळख एकतीस वर्षांची. शाळेच्या लायब्ररीतली फाटकी पुस्तकं रिक्षात घालून तू रविवार पेठेत आमच्या बाइंडिंगच्या दुकानी आणायचीस. रज्जाक शिवणीला बसायचा आणि मी मागे बसून छापील पानांचे सुटे फर्मे वाचायचे. सहावीत माझी शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण खळीच्या वासात झालं. एकदा एका कादंबरीचे शेवटचे फर्मे मी वाचायच्या आत पुस्तक दाबाला गेलं, तर तू दुकानाच्या पायरीवर उभी राहून मला शेवट सांगितलास. रज्जाक म्हणाला होता, "बाई, हिला तुमच्या शाळेत घेऊन जा, नाहीतर माझं एक काम वेळेत व्हायचं नाही." त्या दिवसापासून तू 'बाई'ची सुनीती झालीस आणि मी 'बाइंडरच्या बायको'ची नूर.

रज्जाक गेला तेव्हा इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घराबाहेर पडले नाही, आणि तू एकही गुरुवार चुकवला नाहीस. पिशवीत दोन पुस्तकं, डब्यात काहीतरी. अशाच एका गुरुवारी दुकानातला अर्धा शिवलेला गठ्ठा कोणीतरी घरी आणून ठेवला होता. त्यात त्याची सुई दोऱ्यासकट तशीच अडकलेली होती. ती पाहिली आणि मला श्वास मिळेना. हात गार पडले, कानात आवाज भरला. तू पाठीवर हात ठेवून बसून राहिलीस. ते एकदाच झालं, सुनीती. पुन्हा कधी झालं नाही, आणि मी ते कोणाला सांगितलंही नाही, शहजादीलासुद्धा. एक तू होतीस समोर, म्हणून तुला ठाऊक.

तू रिटायर झालीस आणि अंदमानची टूम काढलीस. टूम तुझीच, हे विसरू नकोस. श्यामसुंदरभाऊजी चहा पिता पिता म्हणाले होते, "ही शॉवरखाली डोळे मिटून उभी राहते, ही समुद्राच्या तळाशी काय बघणार?" तू तिथल्या तिथे सांगून टाकलंस, "अठरा मीटर जाऊन येईन. नूर माझी साक्षीदार." मला पाण्याचं कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती. येरवड्याला मामूंच्या विहिरीत भावांबरोबर पोहायला शिकले होते. पण चार वर्षांनी कोणीतरी मला कुठे नेत होतं, म्हणून मी निघाले.

फेब्रुवारीत हॅवलॉक बेटावरच्या त्या डायव्हिंगवाल्यांच्या पत्र्याच्या ऑफिसात पहिल्या सकाळी फॉर्म हातात पडले. सगळे इंग्रजीत. "दे इकडे, तू संध्याकाळपर्यंत अक्षरं लावत बसशील," असं म्हणून दोन्ही फॉर्म तूच भरलेस, आणि तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली. सुटा कागद हातात आला की वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, या माझ्या सवयीने रज्जाकने जन्मभर डोकं धरलं. तो एक कागद मी वाचला नाही.

मग ते अंगभर काळे पोशाख आले. तू म्हणालीस, "नूर, हा तर तुझा बुरखाच की, फक्त घट्ट." मी म्हटलं, "आणि तुझा पहिला, जरा सांभाळून." किती हसलो आपण. तो मालवणचा दिगंबर, आपल्याला शिकवणारा, तोही हसला. त्याने शिकवलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. "मावशी, खोलीचा आकडा घरी जाऊन सांगायला असतो, पाण्यात त्याचा उपयोग नाही. कान मोकळे होताहेत, श्वास संथ आहे, आजूबाजूचं बघावंसं वाटतंय, तिथवर तुमची खोली. छाती धडधडली, हवेचा काटा सारखा सारखा बघावासा वाटला, की मला खूण करा, दोघं मिळून थोडं वर येऊ. आज सहा मीटर, उद्या आठ, जमलं तर पुढे. समुद्र कुठे पळून जात नाही." आणि दुसरं म्हणजे, पाण्यात कोणी एकटं नसतं, जोडी असते. जोडीतल्या ज्याला कमी खोली सोसते, त्याची खोली तीच दोघांची, त्यावर वाद नाही. "तुमचा जोडीदार कोण?" त्याने मला विचारलं. तो शब्द इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. तू माझा हात धरून वर केलास आणि म्हणालीस, "मी हिची जोडीदार." तेव्हा मला काय वाटलं, ते आज लिहिणार नाही.

सहा मीटरवर मी पहिल्यांदा नीट थांबले. स्वतःचा श्वास एवढा मोठा ऐकू येतो हे माहीत नव्हतं. आत घेतला की शांत, सोडला की बुडबुडे. एक निळा मासा माझ्या हाताशी येऊन काहीतरी खुडत राहिला, मी आहे की नाही याची त्याला पर्वा नव्हती. वर आल्यावर लक्षात आलं की पाऊण तासात मला रज्जाक एकदाही आठवला नव्हता. वाईट वाटायला हवं होतं. हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी कोर्स संपला. पाचव्या दिवशी त्या बुडालेल्या जहाजापाशी गेलो. दहा मीटरवर वाळूचा उतार सुरू होतो आणि खाली सतराला ते आडवं पडलंय. त्याचा काळा आकार मला दिसत होता. कान मोकळे होते, श्वास संथ होता. मी अंगठा खाली करून खाली जाऊया अशी खूण केली. तू नकारार्थी मान हलवलीस आणि माझं मनगट धरलंस. दिगंबरने आपल्याला तिथूनच वळवलं. बोटीवर तू माझ्या खांद्यावर टॉवेल टाकलास आणि म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांत भीती दिसली गं मला, म्हणून थांबवलं." मला तर काहीच जाणवलं नव्हतं. पण तू म्हणतेस म्हणजे असेल, असं वाटलं. सहाव्या दिवशीही तेच झालं. तुझी अठरा मीटरची हौस माझ्यामुळे राहिली म्हणून मी तुझी माफी मागितली. "असू दे गं," म्हणालीस तू. माफी घेतलीस, सुनीती.

पुण्यात आल्यावर तुझ्या घरी सगळ्यांसमोर भाऊजींनी विचारलं, "काय, किती मीटर?" तू म्हणालीस, "नूरला जमेना. तिला एकटीला वर कशी सोडू?" सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी शिऱ्याच्या बशा फिरवत मान डोलावली. आणि त्यानंतर माझ्या मनाने धरलं की मला न कळता मी घाबरते. रस्ता ओलांडताना थांबायला लागले. बस सोडून द्यायला लागले. शहजादी म्हणाली, "अम्मी, आता एकटी राहू नकोस." तिने कात्रजला खोली रिकामी केली, इथल्या घराला कुलूप लावायचा महिनाही ठरला. मी हो म्हणून बसले होते.

मग सप्टेंबरात एक दिवस काय वाटलं कोण जाणे, मी दिगंबरला फोनवर लिहिलं की डिसेंबरमध्ये पुन्हा यावं म्हणते, ते जहाज राहिलंय. त्याने माझ्या जुन्या फॉर्मचा फोटो पाठवला. "मावशी, हे अजून तसंच आहे का? तेव्हा उथळच ठेवायचं होतं म्हणून चाललं. खोल जायचं तर डॉक्टरांचा दाखला लागेल." मी चष्मा लावून बसले. प्रशिक्षकाला काही सांगायचंय का, या रकान्यात तुझं वळणदार अक्षर. अक्षर अक्षर लावत वाचलं. 'विधवा' हा शब्द मला इंग्रजीत ओळखता येतो, बँकेच्या कागदांवर भेटत असतो. पुढे लिहिलेलं होतं की हिला घाबरून श्वास कोंडण्याचे झटके येतात, कृपया दहा मीटरच्या खाली नेऊ नये, हिला हे सांगू नये.

आता ते सगळे दिवस मी उसवून पुन्हा लावले. दिगंबर दर दोन मिनिटांनी मलाच 'ठीक?' अशी खूण का करायचा. हवा दरवेळी तुझीच आधी का संपायची. माझ्या मनगटावर नखांचे वण कोणाचे होते. तू घाबरलीस, याचा मला राग नाही. समुद्र आहे, कोणीही घाबरेल. मला एक खूण केली असतीस, तर बोटीवर मीच म्हटलं असतं की मला भीती वाटते, मला वरच राहू द्या. भाऊजींसमोर शपथेवर म्हटलं असतं. मागितलं असतंस तर दिलं असतं. तू न विचारता घेतलंस. तेही माझा तो एक गुरुवार घेतलास, रज्जाकच्या सुईचा. आणि वर मलाच सांगितलंस की भीती माझ्या डोळ्यांत होती.

डिसेंबरच्या बारा तारखेचं माझं तिकीट झालं आहे. कात्रजची खोली शहजादीने पुन्हा मुलांना अभ्यासाला दिली. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला, त्यात काही निघालं नाही. पण दिगंबरचे वरचे साहेब म्हणतात, तो मजकूर ज्यांनी लिहिला त्यांनीच तो खरा नव्हता असं सहीनिशी लिहून द्यावं. म्हणून हे पत्र, नाहीतर कदाचित लिहिलं नसतं. सोबत कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. दोन ओळी पुरेत. महिनाअखेरीपर्यंत पाठव. खाली जाताना माझी जोडी तिथली एक मुलगी असेल. भाऊजींना काय सांगायचं ते तू ठरव, माझ्याकडून त्यांना काही कळणार नाही.

तुझी
('च' या खेपेला लिहिलेला नाही)
नूरबानू