बिरोबाच्या भंडाऱ्याची शपथ

तीर्थरूप आईस ऋषिराजचा दंडवत.

हितं सरहद्दीवर बर्फ लय हाय, पण मी मजेत हाय. फोनवर तू रडतीस, म्हणून लिहितोय. रेश्मा वाचून दाखवंल.

तिनं सगळं सांगितलं. सरपंचाच्या माणसांनी देवळात तुमच्या हातावर भंडारा ठेवून त्यांनाच मत द्यायची शपथ घ्यायला लावली. तुझी सून रेश्मा तेवढी शपथ न घेता उठून आली. तवापासनं आपल्या बागंचं पाणी तोडलंय. द्राक्षं तगली का? दाराला आतनं कडी घालता न्हवं?

दुसऱ्याला मत दिलं तर शपथ मोडंल म्हणून तू मतालाच जाणार न्हाईस, असं कळलं. आई, जा. देव कोपंल ही धमकी त्या माणसांनी दिली, देवानं न्हाई. मशीनपुढं पुठ्ठ्याच्या आड तू आन बिरोबा दोघंच असता. आन त्यो कुणाला सांगायचा न्हाई.

तुझाच,
ऋषी